शाळेच्या कार्यशाळेतली फेरारी

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात व्हिक्टोरिया नावाचे एक गाव आहे. १९६०च्या दशकात तेथील माध्यमिक शाळेला शर्यतीतून निवृत्त झालेली एक मोटारगाडी भेट म्हणून मिळाली. मोटारदुरुस्तीच्या तासाला मुलांना खोलायला आणि जोडायला काहीतरी लागतेच, त्यासाठी ती कार्यशाळेत आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेने ती सुमारे साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. नव्या मालकाने ती ओहायो राज्यातल्या आपल्या मोकळ्या जागेत ट्रेलरवर चढवून ठेवली. तिथे ऊन, पाऊस आणि बर्फ खात ती १९८८ पर्यंत उभी होती.

ही गाडी होती फेरारी २५० जीटीओ. तिच्याच जातीची दुसरी एक गाडी ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तेव्हाच्या दराने हे सुमारे ३४० कोटी रुपये होतात.

शाळेची फसवणूक झाली, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ती विकली त्या वेळी बाजारभाव तोच होता. दहा वर्षांपूर्वीची, मागे पडलेली, दोन माणसांची, कानठळ्या बसवणारी शर्यतीची गाडी कोणाला हवी होती? ज्यांनी ती घडवली त्यांनीही ती जपून ठेवण्यासाठी घडवली नव्हती. एका हंगामात वापरावी, जिंकावे आणि पुढची गाडी करावी, असाच तो व्यवहार होता. मग प्रश्न दोन उरतात. त्या मुलांच्या हाताखाली नेमके कोणते यंत्र होते? आणि आज कोट्यवधी मोजणारा माणूस नेमके काय विकत घेतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आठवी ते बारावीच्या विज्ञानात आहे. दुसऱ्याचेही थोडेफार तिथेच सापडते, हे पुढे दिसेल.

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ साली इटलीतल्या मोदेना शहरात झाला. मिलानच्या आल्फा रोमिओ कंपनीसाठी ते आधी गाड्या पळवत आणि १९२९ पासून ‘स्कुदेरिया फेरारी’ या नावाने तिचे शर्यतीचे पथक सांभाळत. १९३९ मध्ये ते बाहेर पडले. युद्धकाळात त्यांनी कारखाना मोदेनाजवळच्या मारानेल्लो या गावी हलवला, पण तिथेही बॉम्ब पडले. युद्ध संपताच त्यांनी आल्फामधले जुने सहकारी जोआकिनो कोलोंबो यांच्याकडून नव्या इंजिनाचा आराखडा करून घेतला आणि १९४७ मध्ये पहिली फेरारी रस्त्यावर आली. इंजिन अवघे दीड लिटरचे, पण त्यात सिलिंडर बारा! प्रत्येक सिलिंडर सव्वाशे घनसेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या एका पेल्याएवढा. म्हणून गाडीचे नाव १२५. पुढे हेच इंजिन मोठे होत गेले. एका सिलिंडरचे घनफळ २५० घ.सें.मी.च्या जवळ आले, तेव्हा २५० हे नाव आले.

एवढ्याशा इंजिनाला बारा तुकडे कशासाठी? भाग वाढतात, खर्च वाढतो, घर्षण वाढते. आवाज छान येतो हे खरे, पण ते कारण नव्हे. कारण आकारमानाच्या गणितात आहे.

शर्यतीत गट पाडले जात ते इंजिनाच्या घनफळावरून. समजा मर्यादा तीन लिटरची आहे. त्यात जास्तीत जास्त शक्ती कशी काढायची? २५० जीटीओच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७३ मि.मी. आणि दट्ट्याची म्हणजे पिस्टनची चाल ५८.८ मि.मी. होती. बाराही सिलिंडर मिळून २,९५३ घ.सें.मी. भरतात. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार करून पाहावा. इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२५ फेरे घेई. एका फेऱ्यात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली जातो, तेव्हा त्याचा सरासरी वेग सेकंदाला १४.७ मीटर येतो. आकडा फार मोठा वाटत नाही. पण दट्ट्याला दर फेऱ्यात दोनदा थांबून उलटे फिरायचे असते. त्या क्षणी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या अठराशे पटींहून अधिक असते. दट्ट्या ३०० ग्रॅमचा धरला, तर त्याला परत खेचणाऱ्या दांड्यावर अर्ध्या टनाहून जास्त ओढ बसते, आणि ती सेकंदाला १२५ वेळा. इंजिने फुटतात ती बहुधा इथे.

आता तेच तीन लिटर चार सिलिंडरांत बसवू. प्रत्येक सिलिंडर घनफळाने तिप्पट होईल, म्हणजे व्यास आणि चाल तिनाच्या घनमूळाइतक्या पटीने, सुमारे १.४४ पट वाढतील. चाल ८५ मि.मी.च्या आसपास जाईल. एकाच घाटाची यंत्रे लहान-मोठी केली, तर त्यांच्या धातूवर येणारा ताण दट्ट्याच्या सरासरी वेगावर ठरतो. म्हणून सेकंदाला १४.७ मीटर ही मर्यादा दोघांनाही सारखीच. पण मोठ्या इंजिनाला ती ५,२०० फेऱ्यांनाच गाठते. दट्ट्यांचे एकूण क्षेत्रफळही बारा सिलिंडरांत चारांपेक्षा १.४४ पट भरते. दाब तोच, वेग तोच आणि क्षेत्रफळ दीडपटीच्या जवळ, म्हणून शक्तीही तितकीच जास्त. जीटीओचे इंजिन सुमारे ३०० अश्वशक्ती देई. त्याच घाटाचे चार सिलिंडरांचे इंजिन २१०च्या आतच राहिले असते. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते आणि हत्तीला ते जमत नाही, त्यामागचे गणित ते हेच. घनफळ घनाच्या पटीत बदलते, क्षेत्रफळ वर्गाच्या. वाढलेल्या घर्षणाने यातले थोडे खाल्ले जाते, पण सगळे नाही.

आता बाहेरच्या पत्र्याकडे येऊ. माझ्या मते या गाड्यांची सर्वांत सुंदर गोष्ट इंजिनात नसून इथे आहे.

तीसच्या दशकात मिलानच्या तूरिंग या गाडीची अंगे बांधणाऱ्या कारखान्याने ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे अतिहलकी, नावाची पद्धत काढली. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा करायचा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवायचा. आल्फा रोमिओची १९३०च्या दशकातील प्रसिद्ध ८सी २९०० आणि फेरारीची १६६ एमएम या गाड्या अशाच बांधल्या गेल्या. यातली १६६ एमएम १९४९ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण यात एक रासायनिक खोच होती. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली, की तिथे चक्क विद्युत घट तयार होतो व अॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून दोन्ही धातूंच्या मध्ये कापडाची पट्टी घालीत. कापड कुजले, की पत्रा आतून सडू लागे. जुन्या गाडीचा दुरुस्तीकार आजही प्रथम तिथेच पाहतो.

जीटीओचे अंग मोदेनाच्या सेर्जो स्कालियेत्ती यांच्या कारखान्यात घडले. तिथे मोठे साचे, मोठे दाबयंत्र असे काही नव्हते. वाळू भरलेल्या पिशवीवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून हातोडीने ठोकत त्याला बाक आणायचा. आपल्याकडचा तांबट हंड्याला जसा ठोके देतो, तसेच हे काम. दोन गाड्या सारख्या येत नसत, एवढेच काय, एकाच गाडीची डावी आणि उजवी बाजूही पुष्कळदा तंतोतंत जुळत नसे. पण ठोकण्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे आकार. कागदाचा ताव एका कडेला धरून आडवा केला तर तो लोंबतो. तोच ताव पन्हाळीसारखा किंचित वाकवून धरला, की ताठ राहतो. वर्गात हे मिनिटभरात दाखवता येते. जीटीओच्या चाकांवरील फुगीर कमानींचा पत्रा पातळ असून टिकतो, तो या बाकामुळे. दुसरी गोष्ट धातूच्या आत घडते. ठोक्यांनी अॅल्युमिनियमच्या स्फटिकांचे थर एकमेकांवरून सरकतात, अडकतात, आणि पत्रा कठीण होत जातो. फार कठीण झाला तर तडकतो. म्हणून कारागीर मधून मधून तो तापवून पुन्हा मऊ करतो. ठोक्याची खूण धातूच्या आतपर्यंत राहते, हे ध्यानात ठेवावे. शेवटी त्याचा उपयोग आहे.

तिसरा शत्रू हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. विरोध आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे लागणारी शक्ती, म्हणून शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत लागते. ताशी २५० कि.मी.वरून २८०वर जायचे, तर वेग फक्त १२ टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती ४० टक्क्यांनी जास्त हवी. जीटीओच्या आधीच्या गाडीचे नाक बोथट होते आणि ती इथेच अडत होती. त्यात १९६१ मध्ये इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीची लांब, निमुळत्या नाकाची ई-टाइप आली. फेरारीच्या कारखान्यात ज्योत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याकडे काम सोपवण्यात आले. त्याने पिसा विद्यापीठाच्या वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, नमुने तपासले. नाक खाली आणायचे तर इंजिन खाली बसले पाहिजे. इंजिनाच्या तळाशी तेलाची खोल परात असते, ती आड येते. म्हणून तेल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने फिरवण्याची व्यवस्था वापरली. परात उथळ झाली, इंजिन खाली आणि मागे सरकले, बॉनेट उतरले आणि हवेचा विरोध कमी झाला. वळणावर तेल एका बाजूला जाऊन इंजिन कोरडे पडण्याचे भयही गेले. एका बदलातून तीन कामे झाली. पहिला नमुना इतका ओबडधोबड होता, की त्याला ‘इल मोस्त्रो’, म्हणजे राक्षस, असे नाव पडले. पुढे ज्या गाडीला लोक सौंदर्याचा नमुना म्हणू लागले, तिची सुरुवात ही अशी होती.

काम पुरे होण्याआधीच, १९६१ च्या अखेरीस, बिझ्झारिनींसह अनेक वरिष्ठ मंडळी मालकाशी भांडण होऊन एकदम बाहेर पडली. उरलेले काम माउरो फोर्गिएरी या सव्विशीतल्या अभियंत्याने तडीस नेले.

नावातला शेवटचा शब्द ‘ओमोलोगातो’, म्हणजे अधिमान्यताप्राप्त. या गटात शर्यतीसाठी एका नमुन्याच्या शंभर गाड्या बनवाव्या लागत, कारण गाडी खरोखर विक्रीची आहे हे सिद्ध झाले पाहिजे. फेरारीने जीटीओ ही आपल्या आधीच मान्य झालेल्या गाडीचीच सुधारित आवृत्ती असल्याचे सांगितले, आणि ते चालून गेले. १९६२ ते १९६४ या काळात बनल्या फक्त ३६. आज ज्या दुर्मिळतेचे एवढे कौतुक होते, ती या नियमातल्या पळवाटेतून आली आहे! १९६४ मध्ये फेरारीने पुढच्या २५० एलएम गाडीसाठी तोच दावा केला, तेव्हा तो फेटाळला गेला.

इथवर वाचून हा केवळ कुशल लोकांचा खेळ वाटेल. तो तसा नव्हता. या गाड्यांचे नाव झाले ते ‘मिल्ले मिलिया’ या शर्यतीत. ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे १,६०० कि.मी., तेही गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर. १९२७ पासून ही शर्यत होत असे. लोक रस्त्याच्या कडेला, मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहत. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ अल्फोन्सो द पोर्तागो यांच्या फेरारी ३३५ एसचा टायर प्रचंड वेगात असताना फुटला. गाडी गर्दीत घुसली. चालक, त्याचा सहकारी आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. एन्झो फेरारींवर मनुष्यवधाचा खटला चालला. १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. सार्वजनिक रस्त्यावरची ही वेगाची शर्यत त्या दिवशी कायमची संपली.

१९७७ पासून त्याच मार्गाने जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली. तीत वेगाची स्पर्धा नसते. प्रवेश मिळतो तो १९२७ ते १९५७ या काळातल्या शर्यतीत उतरलेल्या नमुन्यांनाच. त्यामुळे त्या शर्यतीशी नाते असणे हाच गाडीचा मोठा गुण ठरला आणि त्याची किंमत होऊ लागली. ३३५ एस जातीची एक गाडी २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ३ कोटी २० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. संग्राहकांच्या चकचकीत पुस्तकांत ग्विदित्सोलोची हकीकत असते, पण बहुधा एका परिच्छेदात. मला ते खटकते.

जीटीओ जिंकत होती तेव्हाच तिची रचना जुनी झाली होती. इंजिन नाकात न ठेवता चालकाच्या मागे, गाडीच्या मध्यावर ठेवण्याचे युग आले होते. कारण सोपे आहे. एका काठीच्या दोन टोकांना दोन विटा बांधून ती मध्ये धरून फिरवावी, मग त्याच विटा मध्याजवळ सरकवून पुन्हा फिरवावी. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी काठी चटकन वळते. जडत्वाचे परिबल अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. ट्रॅक्टरवाले फेरुच्चो लांबोर्गिनी यांच्या कंपनीने १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मिऊरा ही गाडी मांडली. तीत बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या मागे चक्क आडवे बसवले होते. दिसायला अप्रतिम. पण पेट्रोलची टाकी पुढे होती, आणि इंधन संपत आले की हलके झालेले नाक भरधाव वेगात उचलू पाहत असे. सौंदर्याने भौतिकशास्त्राला सवलत मिळत नाही.

असो. अशा रीतीने सत्तरच्या दशकात जीटीओ ही ‘जुनी गाडी’ झाली. नवी असताना तिची अमेरिकेतली किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती, शाळेला मिळाले साडेसहा हजार. मग भाव चढू लागले. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि बाजाराला वेड लागले. काही वर्षांतच तो कोसळला आणि पुन्हा चढला.

आता दुसरा प्रश्न. शर्यतीच्या गाडीचे इंजिन निकामी झाले तर दुसरे बसवीत, अंग चेपले तर नवे ठोकीत. काही जीटीओंना तर १९६४ मध्ये कारखान्यानेच नव्या नमुन्याचे अंग चढवले. शेतात सोळा-सतरा वर्षे भिजलेल्या गाडीचे किती भाग मूळचे राहतात? उलट, आजचा कुशल कारागीर तोच पत्रा, त्याच पद्धतीने ठोकून अगदी तशीच गाडी करू शकतो. ती तितकीच पळेल, पण तिची किंमत मूळ गाडीच्या किमतीचा अल्पसा अंशच असेल. २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्या येथील न्यायालयाने २५० जीटीओचे रूप ही कलाकृती असल्याचे मानून इतरांना तिची नक्कल करण्यास मनाई केली. कलाकृती म्हटली, की अस्सल आणि नक्कल हा प्रश्न येतोच.

व्यवहारात अस्सलपणा ठरतो तो चासीवर ठोकलेल्या क्रमांकाने. इंजिन, गिअरबॉक्स यांचे क्रमांक, कारखान्याच्या नोंदी, शर्यतींचे निकाल आणि जुनी छायाचित्रे त्या क्रमांकाभोवती जुळवली जातात. सगळ्या कागदांचा आधार म्हणजे पोलादावरचे चार अंक. मग ते अंक घासून दुसरे ठोकले तर?

इथे पत्र्याची ती गोष्ट पुन्हा येते. पोलादी ठसा ठोकला, की दिसणाऱ्या खाचेच्या खालीही काही खोलीपर्यंत धातूचे स्फटिक दबतात. कानशीने खाच घासून पृष्ठभाग गुळगुळीत केला तरी खालचा दबलेला थर शिल्लक असतो. पृष्ठभाग आरशासारखा करून त्यावर आम्ल आणि तांब्याचा क्लोराइड यांचे द्रावण फिरवले, तर दबलेल्या धातूवर त्याची क्रिया शेजारच्या धातूहून वेगळ्या गतीने होते, आणि घासून टाकलेले अंक काही वेळ पुन्हा दिसू लागतात. चोरीच्या वाहनांच्या तपासात न्यायवैद्यक प्रयोगशाळा हीच रीत वापरतात. फार खोल घासले असेल, किंवा तो तुकडाच कापून नवा जोडला असेल, तर मात्र उपाय चालत नाही. मग क्ष-किरणांनी सांध्याचे डाग शोधावे लागतात.

व्हिक्टोरियाच्या शाळेतल्या गाडीचा क्रमांक ३५८९ होता. १९८८ मध्ये ती ओहायोतून निघून युरोपात गेली आणि दुरुस्त झाली.